कोरडं झाकण

थोरलीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षी कालव्यावरचा पूल खचला. ती बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ अजून महिन्याचंही झालं नव्हतं. सकाळी दुधाचा टेम्पो पुलापर्यंत आला, ड्रायव्हरने उतरून मधली भेग पाहिली, भेगेत चप्पल घालून पाहिली आणि टेम्पो मागे घेतला. दुपारपर्यंत पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवले गेले. खांबांमधून माणूस जाई, सायकल जाई, बाकी काही जात नसे. दुसरा रस्ता चाळीस किलोमीटर वळशाचा. तेवढ्यात दूध नासलं असतं.

वस्तीवर बारा घरं होती. जनावरांना पूल खचल्याचं कोण सांगणार? सकाळ झाली की धार काढावीच लागते. त्या दिवशीचं दूध लोकांनी प्यायलं, पोरांना पाजलं, उरलं ते विरजलं. दुसऱ्या दिवशी सगळे दूधवाल्याच्या अंगणात येऊन उभे राहिले.

दूधवाला म्हणजे थोरलीचा आणि तिच्या पाठच्या बारकीचा बाप. सहा वर्षांपूर्वीपर्यंत वस्तीचं सगळं दूध तोच सायकलवरून शहराच्या तोंडावरच्या संकलन केंद्रात घालायचा. नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं, अशी वीस वर्षं. मग टेम्पो आला. काम गेलं, नाव तेवढं राहिलं. तेव्हापासून नवराबायको दोघं वीटभट्टीवर जात. सायकल गोठ्यात आढ्याला टांगलेली होती आणि तिच्या सीटवर कोंबडी बसायची.

"तुम्हीच आता काहीतरी करा," शेजारचा म्हातारा म्हणाला.

"टेम्पो आला तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?" दूधवाला म्हणाला. पण बोलता बोलता त्याची नजर गोठ्याकडे गेली, ती सगळ्यांनी पाहिली.

त्याने सायकल खाली घेतली. चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, बेअरिंगला नवं ग्रीस भरलं, सायकल उलटी करून दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे फिरतानाची डुगडुग, काढला. चाकांचे आरे हाताने छेडून एकेकाचा आवाज ऐकत बसला. बायको म्हणाली, "बाळाला कधी एवढं मांडीवर घेतलं नाही." तो म्हणाला, "बाळ रडतं. ही बोलत नाही."

कॅरिअरच्या दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरचे दोन कॅन लावून तो सोळा दिवस गेला. सतराव्या दिवशी परतताना पुलापाशीच उतरला आणि तिथून सायकल ढकलत आणली. उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता. तो बाजेवर बसला. गरम पाण्याच्या फडक्याने बायको शेकत होती आणि तो छताकडे बघत होता. अठराव्या दिवशी पहाटे त्याला जाग आली ती कॅनच्या कड्यांच्या आवाजाने. बारकी कॅन बांधत होती.

बारकी तेव्हा सतरा वर्षांची. हाडाने रुंद, उंचीने कमी. शाळेत बाकावर बसली की पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून नाव बारकी पडलं ते पडलंच.

"तुला झेपायचं नाही," बाप आतूनच म्हणाला.

"मग काय करू, दूध ओतून देऊ?"

तो लंगडत बाहेर आला. कॅनची दोरी त्याने सोडली आणि पुन्हा बांधली. पहिली गाठ चुकीची नव्हती, पण त्याचा हात राहिना. मग त्याने सांगितलं, आणि पुढे आठ दिवस रोज तेच सांगितलं. "भरल्या सायकलवर उभं राहून पायडल मारायचं नाही. बसून मारायचं. पाय गोल फिरला पाहिजे, जात्यासारखा. धक्का द्यायचा नाही. वळण आलं की लांबून घ्यायचं, हळू, सायकल उभी ठेवून. कलंडू द्यायची नाही. आतलं दूध एका अंगाला गेलं की मग तू सायकल चालवत नाहीस, दूध तुला चालवतं."

पहिल्या दिवशी तिला जायला तास लागला. महिन्याभरात ती पंचवीस मिनिटांत जाऊ लागली. मांड्या दुखून ती रात्री कूस बदलताना कण्हायची आणि थोरली बाळाला थोपटता थोपटता दुसऱ्या हाताने तिचे पाय दाबायची. "दोन पोरं सांभाळतेय मी," थोरली म्हणायची.

शाळेतले खेळाचे मास्तर पुलापलीकडे त्याच रस्त्याने स्कूटरवरून जात. एके दिवशी समोरून वारा होता आणि रस्त्यावरचे सगळे सायकलवाले उतरून चालत होते. त्यातून एक मुलगी दोन भरलेले कॅन घेऊन बसून चालली होती. मास्तरांनी स्कूटर तिच्या मागे लावली आणि काट्याकडे पाहिलं. काटा पंचविसावर होता. तीन किलोमीटर तो हलला नाही. संध्याकाळी मास्तर अंगणात हजर.

"मुलीला सायकलच्या शर्यतीत उतरवा," ते म्हणाले.

"ती दूध घालते," दूधवाला म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. अडीच महिन्यांनी शहरात निवडीची शर्यत आहे. अठराच्या आतल्या मुलींची. छत्तीस किलोमीटर. पहिल्या तिघींना सराव केंद्रात घेतात. राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथंच. ही अठराची कधी होणार?"

"साडेतीन महिन्यांनी," बारकीची आई आतून म्हणाली.

"म्हणजे हीच एक वेळ आहे."

दूधवाल्याने गुडघा चोळला. "मास्तर, रेसच्या मुलींच्या सायकली असतात पाखराएवढ्या. आमची सायकल बघितलीत का?"

"शाळेत एक रेसची सायकल आहे. जुनी आहे. ती देतो."

"आणि दूध?"

त्याचं उत्तर दूधवाल्याने स्वतःच काढलं. मास्तर गेल्यावर तो बराच वेळ अंगणात येरझारा घालत राहिला, लंगडत. मग बारकीला म्हणाला, "जाताना चाळीस लिटर आहे. तेवढं वजन त्या मुलींच्या बापाने सुद्धा ओढलं नसेल. दूध घालणं हाच तुझा सराव. वेगळं काय करायचंय?"

ह्याच बोलण्यात चूक होती. बारकीने बापाचं म्हणणं जरा जास्तच मनावर घेतलं. मास्तरांनी तिला सांगितलं होतं, शर्यतीत मधे मधे जोर मारावा लागतो, अचानक वेग वाढवावा लागतो. कालव्याच्या बाजूला दोन किलोमीटर सरळ सपाट रस्ता होता. दुसऱ्या दिवशी तिथे तिने तीनदा सायकल दामटली. उभी राहून, दात खाऊन, भरलेल्या कॅनांसकट. केंद्रात पोचली तेव्हा घामाने निथळत होती आणि मनातून खूश होती.

केंद्रातल्या खिडकीत फॅटवाला बसे. दूध मापायचं, नळीने थोडं काढायचं, फॅट बघायची, पावती फाडायची. तोंडाने तो तिखट होता, पण हाताने चोख. रोज चारच्या पुढे येणारी फॅट त्या दिवशी तीन पॉइंट एक आली. त्याने पुन्हा काढली. पुन्हा तीन एक.

"साय कुठं ठेवून आलीस?" त्याने विचारलं. रांगेत वीस माणसं होती. "बाप वीस वर्षं दूध घालत होता, त्याने कधी असली हुशारी केली नाही. पोरगी महिन्यात शिकली."

लोक हसले. बारकीने पावती घेतली. रिकामे कॅन बांधताना तिच्याकडून गाठच बसेना.

दुपारी अंगणात बारा घरं जमली. तोंडावर कोणी चोर म्हणालं नाही. पण कोपऱ्यातल्या घरची काकू म्हणाली, "बाळंतीण आहे घरात, तिला लागत असेल साय. सांगायचं होतं, आम्ही वाटीभर दिली असती." थोरली बाळाला घेऊन आत गेली आणि दार ओढून घेतलं.

दूधवाला उठला. कॅन धुवायचे राहिले होते. त्याने एका कॅनचं झाकण उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. लोण्याचे बारीक कण चिकटले होते, आणि कॅनच्या काठाला कडं धरलं होतं.

"तू दामटलीस ना?" त्याने बारकीला विचारलं.

"सपाटीला. तीनदा."

"उभं राहून?"

दूधवाल्याने झाकण काकूपुढे धरलं. "ही घ्या तुमची साय. पोरीने घुसळून आणली."

काकूने बोट लावून बघितलं. मग पदराला पुसलं. त्या दिवशीचं नुकसान दूधवाल्याने स्वतःच्या अंगावर घेतलं, तेव्हा कुठे अंगण रिकामं झालं.

पण त्याला ते पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पिशवीत ते झाकण घालून पायी निघाला. सुजलेल्या गुडघ्याने नऊ किलोमीटर. खिडकीपाशी त्याने झाकण ठेवलं आणि फॅटवाल्याला सगळं सांगितलं. फॅटवाल्याने झाकणाकडे पाहिलं सुद्धा नाही.

"हे मला कशाला दाखवता? मी दूध तपासतो, गोष्टी तपासत नाही. पुढं सरका, मागं लोक आहेत."

दूधवाला बाजूला झाला. झाकण पिशवीत घातलं. रांगेतल्या कोणीतरी त्याला बसायला खोकं दिलं, पण तो बसला नाही. परत नऊ किलोमीटर चालत आला आणि येताना सगळा हिशेब डोक्यात लावून आला.

"आता ऐक," तो बारकीला म्हणाला. "जाताना कॅन भरलेले. तेव्हा दम. परतताना कॅन रिकामे. तेव्हा वेग. जाताना जोर मारायचा नाही, पण हळूही जायचं नाही. पोचलीस की झाकण उघडून आतून बघायचं. झाकण ओलं असलं तर तुझा पाय धक्का देतोय. कोरडं असलं तर पाय गोल फिरतोय. मला वेळ सांगू नकोस. आधी झाकण सांग, मग वेळ."

असा तो सराव सुरू झाला. रोज सकाळी ती परत आली की अंगणातूनच ओरडून सांगे, "ओलं." कधी, "अर्धं." बाप भट्टीवर निघायच्या तयारीत असे, ऐकून नुसती मान हलवी. रिकामे कॅन घेऊन परत येताना मात्र ती सुटायची. कॅन एकमेकांवर आपटून असा खणखणाट होई की कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायका आधीच बाजूला होत. "आली वरात," त्या म्हणत.

पंचवीस मिनिटांची तेवीस झाली. तेविसाची बावीस होताना झाकण पुन्हा ओलं झालं. बापाने तिला चार दिवस मागे, तेवीसवर आणलं. "वेळ पळून जात नाही," तो म्हणाला. "पाय आधी." फॅट चारच्या खाली पुन्हा कधी आली नाही. पावती देताना फॅटवाला पूर्वी वर बघत नसे, तसाच आताही बघत नसे. महिना संपता संपता एका सकाळी बारकीने सायकल भिंतीला लावली आणि सावकाश म्हणाली, "कोरडं. दोन्ही. एकवीस मिनिटं."

दूधवाला केवढ्यांदा तरी खोकला आणि गोठ्यात गेला. तिथे त्याचं काही काम नव्हतं.

शर्यतीला पंधरा दिवस असताना मास्तरांनी रेसची लाल सायकल आणून दिली. टायर बोटाएवढे, हँडल खाली वाकलेलं, वजन असं की बारकीच्या आईने एका हाताने उचलून बघितली आणि "हीच काय ती," म्हणाली. वीटभट्टीच्या मागे माती काढून सपाट केलेलं मोठं मैदान होतं. तिथे मास्तरांनी विटा लावून वळणं आखली. सरळ रस्त्यावर बारकी बाणासारखी गेली. मास्तर घड्याळाकडे बघून हसले. मग वळण आलं आणि ती रांगत गेली. लांबून, हळू, सायकल सरळ उभी ठेवून, जणू मागे चाळीस लिटर दूध आहे.

"कलंडव," मास्तर ओरडले. "सायकल आत कलंडव."

ती कलंडवेना. दुसऱ्या वेळी जोरात गेली, अंग ताठ ठेवलं आणि विटांवर जाऊन आदळली. कोपर सोलून निघालं.

मास्तर दूधवाल्याजवळ आले. "शर्यतीत सात वळणं आहेत. प्रत्येक वळणावर ही पन्नास पावलं मागं पडणार. सरळीला भरून काढेल, पण किती?"

दूधवाल्याला काय झालंय ते कळत होतं. जे त्याने शिकवलं, तेच आता आडवं येत होतं. आणि दुसरं काही त्यालाही येत नव्हतं. वीस वर्षांत सायकल त्याने कधी कलंडू दिली नव्हती. त्याने चप्पल काढली, रेसची सायकल हातात घेतली आणि गुडघ्याकडे न बघता टांग टाकली.

"अहो, तुम्ही कुठं," बायको म्हणाली.

पहिल्या वळणाला तो विटांपर्यंत पोचला, कलंडवायची म्हणून कलंडवली, आणि पन्नाशीचा माणूस सायकलसकट मातीत आडवा झाला. भट्टीवरची माणसं काम थांबवून बघत होती. कोणीतरी शिट्टी मारली. तो उठला, बंडी झटकली, सायकलचं हँडल सरळ केलं. "कलंडते," तो म्हणाला. "जरा जास्त कलंडते."

बारकी एवढी हसली की कोपराचं दुखणं विसरली. पण बापाने पुन्हा टांग टाकली, तेव्हा हसणं थांबलं. तो तीनदा पडला. चौथ्यांदा पडला नाही, पण वळणही घेता आलं नाही.

बारकीची आई डोक्यावर आठ विटा घेऊन फळीवरून चढत होती. खड्ड्यावर एक फूट रुंदीची फळी टाकलेली होती आणि मधे ती वळून दुसऱ्या फळीवर जायची. विटा खाली ठेवून ती मैदानावर आली.

"दोघंही विटांकडे बघताय," ती म्हणाली. "बाप विटांकडे, पोरगी विटांकडे. विटांकडे बघितलं की विटांवरच जाणार. मी फळीवर चालताना फळीकडे बघते का? पुढचं टोक बघते. जिथं पोचायचंय तिथं. पाय आपोआप जातात."

मास्तर म्हणाले, "वहिनी, हेच सांगायला मी शहरातून पुस्तक मागवलं होतं."

"मग पैसे वाया गेले," ती म्हणाली आणि विटा उचलायला गेली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बारकीची आई वळणाच्या पलीकडच्या टोकाला उभी राही. बारकीने तिच्या तोंडाकडे बघत वळायचं. सातव्या दिवशी सायकल आत झुकली, आतला गुडघा बाहेर आला, आणि ती आईच्या इतक्या जवळून गेली की तिचा पदर उडाला. आई जागची हलली नाही. "आता मला कोणी उभं करू नका," ती एवढंच म्हणाली. "माझं काम झालं."

शेवटचे तीन दिवस पूर्ण आराम, असं मास्तरांनी बजावलं. दूध कोण घालणार, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. दूधवाल्याने रात्रीच कॅन धुवून उलटे ठेवले.

"गुडघा पुन्हा सुजेल," बायको म्हणाली.

"सुजू दे. त्याला कुठं शर्यतीला जायचंय?"

"आणि शर्यत? तुम्ही यायला नको?"

"मी दूध घालतो. तू जा. ती तुझ्या तोंडाकडे बघून वळायला शिकली, माझ्या नाही."

शर्यतीच्या दिवशी तो नेहमीपेक्षा आधी निघाला. चौथा दिवस होता. पहिल्या तीन दिवसांनी गुडघा पुन्हा भरला होता. त्याने फडकं घट्ट आवळलं, आणि पाय जेवढा वाकेल तेवढाच वाकवत, एका पायाने ओढत तो गेला. पुलावर उतरला, पुढे पुन्हा बसला. वाटेत दोनदा उतरून उभा राहिला. रस्त्याच्या कडेला झेंडे घेतलेली मुलं दिसायला लागली, तेव्हा त्याला कळलं की आपण वेळेत आहोत.

शर्यतीचा रस्ता संकलन केंद्रासमोरूनच जात होता. शहरातून एकवीस किलोमीटर फिरून मुली इथे यायच्या, खिडकीसमोर काटकोनात डावीकडे वळायच्या, आणि मग उरलेले पंधरा किलोमीटर वाऱ्याला तोंड देत परत शहरात. मास्तरांनी हे आधी सांगितलं होतं. दूधवाला त्याबद्दल घरात चकार शब्द बोलला नव्हता.

रांग मोठी होती. त्याच्या पुढे चौदा माणसं. तो कॅनांजवळ उभा राहिला, एका पायावर भार देऊन. शिट्टी वाजली. रांग मोडली. सगळे रस्त्याच्या कडेला धावले. फॅटवाला सुद्धा हातात नळी तशीच धरून खिडकी सोडून बाहेर आला. दूधवाला कॅन सोडून चार पावलं पुढे गेला, तेवढीच.

आधी एक मोटारसायकल आली. मग एक मुलगी एकटी, बरीच पुढे. तिच्या मागे सहाजणी एका घोळक्यात. बारकी त्यात पाचवी होती. तिची मान खाली नव्हती. पुढच्या चौघींचे खांदे डावे-उजवे हलत होते, तोंडं वासली होती. बारकी खुर्चीवर बसल्यासारखी बसली होती, कंबरेच्या वर सगळं स्थिर, आणि खाली पाय फिरत होते. वळणावर वाळू सांडलेली होती. पुढच्या मुलींनी वाळू बघितली. ब्रेक लागल्याचा आवाज झाला. बारकीने वाळूकडे बघितलं नाही. तिची नजर वळणाच्या पलीकडे लांब कुठेतरी होती. सायकल आत झुकली, आतल्या अंगाने दोघींना मागे टाकत ती निघून गेली. तिने बापाला पाहिलं नाही. त्याला ते फार बरं वाटलं.

हे सगळं दहा श्वासांत झालं. मागच्या मुली येत राहिल्या, लोक टाळ्या वाजवत राहिले. फॅटवाला त्याच्या शेजारी उभा होता.

"ती तुमची ना?"

"हो."

फॅटवाला रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. "बाकीच्या सगळ्या हलत होत्या," तो म्हणाला. "तिचे खांदे हलत नव्हते."

"दूध हलू द्यायचं नाही," दूधवाला म्हणाला. "तसंच शिकवलंय."

फॅटवाल्याने हातातली नळी उगाच पुसली. मग तो म्हणाला, "पाय सुजलाय तुमचा. आणा ते कॅन पुढं, आधी घेतो."

"नको," दूधवाला म्हणाला. "नंबर येईल तेव्हा येईन."

तो परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. चौदा माणसं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. पुढच्या माणसाने मागे वळून विचारलं, "त्या लाल सायकलवाल्या पोरीचे वडील तुम्हीच ना?" मग त्याच्याही पुढचा वळला. खिडकीपाशी पोचेपर्यंत सगळ्या रांगेला माहीत झालं होतं, आणि दूधवाल्याने कोणालाही स्वतःहून एक शब्द सांगितला नव्हता.

घरी येऊन त्याने पाय वर करून ठेवला. शर्यत केंद्रासमोरून गेली, एवढंच त्याने सांगितलं. थोरलीने दोनदा विचारलं, "काय दिसलं?" तो म्हणाला, "चांगली चालली होती." शेवटी काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. वाऱ्याचे पंधरा किलोमीटर उरले होते. झाडाची पानं कुठल्या बाजूला वळलीत, हे तो दिवसभर बाजेवरून बघत राहिला.

ऊन उतरताना बारकीची आई आली. बसमधून पुलापर्यंत आणि पुढे चालत. बारकी मास्तरांबरोबर कागद भरायला मागे थांबली होती. आईने आधी तांब्याभर पाणी घेतलं, सावकाश प्याली, तांब्या जागेवर ठेवला.

"बोलशील का?" दूधवाला म्हणाला.

"बोलते. वीस वर्षं तुम्ही दूध घालून यायचा आणि जेवण झाल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. आज माझी पाळी."

थोरली हसली. आई बाजेच्या कडेला बसली.

"वारा असा होता की लावलेले कागद उडून गेले. एक पोरगी एकटीच पुढे होती, ती आली आधी. उंच आहे, चांगली आहे. मग मी बघते तर लांब एकटीच दिसतेय. मला वाटलं, दुसरी कोणी असेल, आपली घोळक्यात असेल. मास्तर म्हणाले, वहिनी, घोळका मागे राहिला. वारा लागल्यावर सगळ्या एकमेकींच्या आड लपायला लागल्या. ही बसून निघून आली."

"म्हणजे दुसरी?"

"दुसरी. तिसरीला यायला इतका वेळ लागला की मी आपल्या पोरीला पाणी देऊन आले."

दूधवाल्याने मान हलवली, रोज सकाळी हलवायचा तशी. "थकली होती का?"

"उतरली तेव्हा पाय लटपटले. मी धरलं. पण रडली नाही. एका बाईने वही काढून विचारलं, कुठे सराव केलास, कोण शिकवतं. ही म्हणाली, आईवडील. ती बाई म्हणाली, ते खेळाडू होते का? ही म्हणाली, हो."

दूधवाल्याने दुखरा पाय खाली सोडला, पुन्हा वर घेतला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तू ओरडलीस का?"

"कुठलं ओरडते? मास्तर ओरडत होते, तेवढं पुरे झालं."

बारकी आली तेव्हा वस्तीचे लोक अंगणात होते. काकू सगळ्यात पुढे होती. काकूने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमचंच दूध हे." कोणी तिला अडवलं नाही. बारकी सगळ्यांना भेटून आत आली, बापाच्या पायाशी बसली आणि फडकं सोडून गुडघा बघितला.

"उद्यापासून मी घालते दूध," ती म्हणाली. "सराव केंद्रावर जायला अजून बारा दिवस आहेत."

"आराम कर."

"झाला तीन दिवस. कंटाळा आला."

बारा दिवस तिनेच दूध घातलं. तेराव्या दिवशी ती गेली आणि दूध पुन्हा बापाकडे आलं. पुलाचं काम दोन महिन्यांनी पुरं झालं, टेम्पो पुन्हा सुरू झाला आणि दूधवाला भट्टीवर परत गेला. पण त्यानंतर टेम्पो आला की ड्रायव्हर आधी त्याच्या अंगणापाशी थांबायचा आणि विचारायचा, "काय म्हणते मुलगी?" बारकी आठ वर्षं शर्यती खेळली, तीन वेळा पहिली आली, आणि मग त्याच सराव केंद्रात मुलींना शिकवायला लागली. तिथे नवीन आलेल्या मुलींना ती पहिला महिनाभर उभं राहून पायडल मारू देत नाही.

दूधवाला त्या शर्यतीनंतर चौदा वर्षांनी, जानेवारीच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी झोपेतच गेला. त्याची बायको त्याच वर्षी जूनच्या शेवटी वारली.